गुणसूत्रे कोठे तुटतात? : एका शास्त्रीय वादाचा इतिहास

मी इतिहास शिकवतो, म्हणून माझ्याकडे पालक येतात ते बहुधा गुणपत्रिकेची तक्रार घेऊन. दोन वर्षांपूर्वी मात्र आमच्या वस्तीतील एक भगिनी दवाखान्याचा कागद घेऊन आल्या. "सर, इंग्रजीत आहे, जरा वाचून सांगा," त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलाच्या बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा गळालेला होता, असे त्या कागदात लिहिले होते. आई व वडील दोघांच्याही गुणसूत्रांत तो तुकडा शाबूत होता. "मग घरचे म्हणतात, दोष माझाच. ग्रहणात मी सुरी हातात धरली होती म्हणे. सर, खरं काय ते सांगा." मी बी. ए. झालेला माणूस, त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी जे वाचले, त्यातून हा लेख तयार झाला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, गुणसूत्र म्हणजे तस्बीहच्या दोऱ्यासारखी वस्तू समजा. दोऱ्यावर मणी ओवलेले असतात, तशी गुणसूत्रावर जनुके एका ठरावीक क्रमाने असतात. माणसाच्या पेशीत अशी 46 गुणसूत्रे असतात. ही साधी गोष्टदेखील जगाला 1956 साली कळली. तोपर्यंत सर्व पुस्तकांत 48 हा आकडा छापला जात होता. स्वीडनमधील लुंड येथे जो हिन टिजो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी नीट मोजले आणि तीस वर्षांहून अधिक काळ चालत आलेली चूक दुरुस्त झाली.

आता प्रश्न असा की हा दोरा कधी तुटतो का? तुटल्यास पुन्हा जुळतो का? याचा पहिला स्पष्ट पुरावा आला तो फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशीकडून. अमेरिकेतील आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने 1913 साली या माशीच्या जनुकांचा पहिला नकाशा तयार केला. पुढे 1921 साली त्याने दोन जवळच्या जातींच्या माश्यांचे नकाशे ताडून पाहिले. दोन्हींत जनुके तीच होती, पण एका भागात त्यांचा क्रम बरोबर उलटा होता. म्हणजे पूर्वी कधीतरी दोरा दोन ठिकाणी तुटला, मधला तुकडा उलटा फिरला आणि तसाच जोडला गेला. याला व्युत्क्रमण म्हणतात. 1936 साली स्टर्टेव्हंट आणि डॉबझान्स्की यांनी अशा उलटापालटींवरून रानटी माश्यांच्या घराण्यांची वंशावळच मांडली. बखरींच्या नकला करणाऱ्यांच्या चुका ताडून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे आपण ठरवतो, तीच ही रीत.

ही उलथापालथ किती मोठी असू शकते, याचे उदाहरण आपल्या सह्याद्रीतच आहे. आपल्या रानातील भेकर या लहान हरणाच्या मादीत फक्त 6 आणि नरात 7 गुणसूत्रे असतात. ही गोष्ट 1970 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले. कारण त्याच्याच चिनी भाऊबंदात ती 46 असतात! भेकराच्या वंशात अनेक गुणसूत्रे टोकाला टोक जुळून एकत्र झाली. मणी साधारण तेच, पण दोरे थोडे आणि लांबलचक.

येथून वादाला सुरुवात होते. गुणसूत्रे तुटतात हे खरे, पण ती कोठेही तुटतात की ठरावीक कमकुवत जागी? सुसुमु ओहनो या जपानी वंशाच्या, अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने 1973 साली मत मांडले की तुटण्याला जागेचा नियम नाही, ते सर्वत्र सारखेच संभवते. 1984 साली नॅडो आणि टेलर यांनी या मताला गणिताचा आधार दिला. माणूस आणि उंदीर यांच्यात जनुकांचा क्रम न बदललेले तुकडे किती लांबीचे आहेत, हे त्यांनी मोजले. दोन्ही वंश वेगळे झाल्यापासून सुमारे 178 उलथापालथी झाल्या असाव्यात, साधारण 39 ने कमीजास्त, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हा माहीत असलेली जनुके मोजकीच होती, तरी पुढील माहिती या हिशेबाशी जुळत गेली. जवळजवळ वीस वर्षे हे मत पाठ्यपुस्तकासारखे मान्य राहिले.

मग 2001 मध्ये माणसाच्या आणि 2002 मध्ये उंदराच्या संपूर्ण जनुकीय मजकुराचा आराखडा प्रसिद्ध झाला. 2003 साली कॅलिफोर्नियातील पावेल पेव्झनर आणि ग्लेन टेस्लर यांनी दोन्ही मजकूर संगणकावर ताडून पाहिले. त्यांना 281 मोठे समान तुकडे मिळाले. उंदराचा क्रम माणसाच्या क्रमासारखा करायला किमान 245 उलथापालथी लागतात, असे त्यांना आढळले. आता साधा हिशेब करा. एका उलथापालथीला बहुधा दोन काप लागतात, म्हणजे कापांच्या जागा पाचशेच्या घरात हव्यात. प्रत्यक्षात त्या तीनशेच्या आतच होत्या! याचा अर्थ, त्याच जागा पुन्हापुन्हा तुटल्या असल्या पाहिजेत. विहिरीचा दोर काठावर घासतो तेथेच पुन्हापुन्हा तुटतो, तसे हे झाले.

वाद येथे मिटला नाही. कॅनडातील डेव्हिड सँकॉफ यांनी आक्षेप घेतला की अगदी लहान तुकडे हिशेबातून वगळले, तर जागा पुन्हा तुटल्याचा नुसता भासही होऊ शकतो. आक्षेप रास्त होता, म्हणून अधिक पुरावा शोधला गेला. 2005 साली माणूस, उंदीर, घूस, मांजर, कुत्रा, गाय, डुक्कर आणि घोडा अशा आठ प्राण्यांची तुलना झाली. तुटलेल्या जागांपैकी सुमारे 20 टक्के जागा वेगवेगळ्या वंशांत पुन्हा तुटल्याचे तीत दिसले. पुढे 2010 साली पेव्झनर यांनी आलेक्सेयेव्ह यांच्यासह आपल्याच मतात सुधारणा केली. या नाजूक जागा कायमच्या नसतात. काळाच्या ओघात जुन्या नाहीशा होतात व नव्या तयार होतात, असे त्यांनी दाखवले.

या जागा नाजूक का असतात? एक कारण असे की तेथे बहुधा एकसारखा मजकूर पुन्हापुन्हा आलेला असतो. कुराण पाठ करणाऱ्या मुलाला दोन सारख्या आयतींपाशी चकवा लागतो आणि तो एका जागेवरून दुसऱ्याच जागी जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांचेही तसेच होते. दुसरे कारण असे की महत्त्वाच्या जनुकाच्या मध्येच काप पडला, तर तो जीव सहसा जगत नाही. म्हणून आपल्याला दिसतात ते सोसले गेलेले काप.

आणि येथेच त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. बाविसाव्या गुणसूत्रावर अशाच सारख्या मजकुराच्या जागा आहेत. तेथे चकवा लागला की मधला सुमारे तीस लाख अक्षरांचा तुकडा गळतो. साधारण चार हजार जन्मांत एका बाळाच्या बाबतीत असे घडते आणि दहापैकी नऊ वेळा ते नव्यानेच घडलेले असते. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही, सुरीचा नाही आणि आईच्या वागण्याचाही नाही. जवळच्या नात्यातील लग्नाने काही आजारांचा धोका वाढतो हे खरे, परंतु हा आजार त्यांपैकी नाही.

मी हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र बसवून सांगितले. मुलाच्या आजोबांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मास्तर, सूनबाईची काही चूक नाही?" मी म्हणालो, "नाही, चाचा." त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाच्या हृदयाच्या तपासणीसाठी ते स्वतः सुनेबरोबर दवाखान्यात गेले.

पालक बंधू-भगिनींनो, अज्ञानाची किंमत बहुधा घरातील सर्वांत दुबळ्या माणसाला मोजावी लागते. विद्यार्थी मित्रांनो, ओहनोचे मत पुढे बदलावे लागले म्हणून तो लहान ठरत नाही. त्याने प्रश्न नेमका मांडला, म्हणूनच पुढच्यांना तो तपासता आला. तुमच्यातून, विशेषतः आपल्या मुलींतून, कोणी या शास्त्राकडे वळले, तर असा कागद घेऊन येणाऱ्या आईला उत्तरासाठी इतिहासाच्या शिक्षकाची वाट पाहावी लागणार नाही.