डिस्क अडते तेव्हा: क्लस्टरमधील नोडांच्या प्रतीक्षेचा इतिहास

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये व्हॅक्सक्लस्टर जाहीर केले. अनेक संगणकांनी एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहावे आणि तरी मजकूर बिघडू नये, हे त्याने व्यवहारात साधले. कोणत्या फाइलवर कोणाचे लॉक आहे याचा हिशेब सगळ्या नोडांत, म्हणजे क्लस्टरमधील संगणकांत, वाटलेला असे. बहुमत नसलेल्या गटाने काम थांबवून गप्प बसायचे, असा नियम होता. डिस्क मध्येच दिसेनाशी झाली, तर या संगणकांची व्हीएमएस ही कार्यप्रणाली आलेल्या विनंत्या रोखून धरी, डिस्क परतल्यावर ती तीच आहे ना याची खात्री करी आणि काम पुढे नेई. ओपनव्हीएमएस या तिच्या पुढच्या रूपात या प्रतीक्षेची ठरलेली मुदत ३६०० सेकंद, म्हणजे पुरा एक तास. इतका धीर परवडे, कारण नोड जिवंत आहे की नाही हे मुख्यतः नोडांच्या आपसातील संपर्कावरून ठरत होते. डिस्क अडली म्हणून कोणी मेला असे कोणी समजत नसे.

पुढच्या पिढीच्या क्लस्टर फाइल सिस्टिमांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. आयबीएमच्या जीपीएफएसमध्ये (१९९८) नोडला डिस्क वापरण्याचा परवाना ठरावीक काळापुरता मिळतो आणि तो नेटवर्कवरून सतत नवा करून घ्यावा लागतो. मिनेसोटा विद्यापीठात जन्मलेली आणि पुढे रेड हॅटकडे गेलेली जीएफएस संशयित नोडला बाहेरून तोडते. त्यासाठी प्रसंगी त्याची वीजही बंद करते.

ओरॅकलची ओसीएफएस२ मार्च २००६ मध्ये लिनक्स कर्नल २.६.१६ मध्ये आली आणि तिने जिवंतपणाची खूण थेट सामायिक डिस्कवरच ठेवली. प्रत्येक नोड दर दोन सेकंदांनी डिस्कवरील आपल्या ठरलेल्या जागेत नोंद करतो आणि इतरांच्या नोंदी वाचतो. याला हार्टबीट म्हणतात. मुदतीत नोंद झाली नाही, तर तो नोड स्वतःलाच बंद पाडतो. हे आततायी वाटते, पण त्यामागे कारण आहे. इतर नोड त्याला मेलेला समजून त्याचे जर्नल (बदलांची नोंदवही) पुन्हा चालवतात आणि त्याची लॉक सोडवतात. त्यानंतर त्याचे वाटेत अडकलेले जुने लिखाण डिस्कवर पोचले, तर फाइल सिस्टिमच बिघडते.

खरी अडचण मुदतीच्या आकड्यात होती. सुरुवातीला हार्टबीटची मर्यादा ७ होती. त्यातून एक वजा करून दोनने गुणले की सेकंद मिळतात, म्हणजे १२. साठवण यंत्राचा एक कंट्रोलर बंद पडून दुसऱ्याने काम हाती घ्यायला याहून जास्त वेळ लागू शकतो. त्यामुळे साठवण सुखरूप परते, पण तोवर नोड रीस्टार्ट झालेले असत. नंतर मर्यादा ३१ झाली, म्हणजे ६० सेकंद. तरी खालची साठवण आणि वरचा क्लस्टर या थरांची घड्याळे जुळतीलच असे नव्हते. नेटवर्कवरून डिस्क जोडणाऱ्या आयस्कझीची लिनक्सवरील नेहमीची प्रतीक्षा १२० सेकंदांची. खालचा थर शांतपणे वाट पाहत असताना वरचा नोड निम्म्या वेळातच प्राण सोडी. डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणाऱ्या मल्टिपाथला मार्ग बदलायला लागणारा वेळ मोजून हार्टबीटची मुदत त्याहून मोठी ठेवणे, हे मग प्रशासकाचेच काम झाले. आणि मुदत वाढवली की खरोखर मेलेल्या नोडची लॉकही तितकाच वेळ अडकून राहतात, ही किंमत उरतेच.

ग्लोबल हार्टबीटने ताण थोडा हलका केला. त्यात अनेक डिस्कांवर नोंद होते आणि निम्म्याहून अधिक डिस्क जिवंत असतील तर एखाद्या डिस्कच्या अडचणीपायी नोड बंद पडत नाही. पण साठवणच सगळ्यांची एकदम गेली, तर सगळे नोड एकदमच रीस्टार्ट होत. हे विचित्रच होते: डिस्कवर कोणीच लिहू शकत नसताना कोणाला कोणापासून वाचवायचे?

२०१६ मध्ये कर्नलमध्ये आलेल्या बदलाने याचे उत्तर शेजाऱ्यांना विचारून शोधले. मुदतीच्या निम्म्या वेळात नोंद झाली नाही, तर नोड सर्वात लहान क्रमांकाच्या जिवंत नोडला नेटवर्कवरून तसे कळवतो. सगळ्यांकडून तेच कळले, तर तो लहान क्रमांकाचा नोड सर्वांना वाट पाहण्याची परवानगी देतो आणि प्रत्येकाचे घड्याळ नव्याने सुरू होते. साठवण परतेपर्यंत हे चालू राहू शकते. मात्र डिस्ककडून थेट त्रुटी आली, नोडांमधले नेटवर्क तुटले किंवा एखादा नोड कोसळला, तर वाटाघाट होत नाही आणि जुनी मुदतच लागू राहते.