बोरघाटातला दुसरा माणूस

मुंबई-पुणे रेल्वेच्या बोरघाटाने माणसे भराभर गिळली. कॉलरा आणि तापाने मजूर किती मेले, याचा धड हिशेबही कुणी ठेवला नाही. पण वरच्या जागाही रिकाम्या होत होत्या.

1856 साली काम सुरू केलेला ठेकेदार विल्यम फेवियल मजुरीवरून झालेल्या दंग्यानंतर 1859 मध्ये बाजूला झाला. मग ठेका गेला सॉलोमन ट्रेडवेलकडे. तो त्याच वर्षी विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. घाट अर्धवट, सुरुंग लावलेले, हजारो बिगारी हजेरीवर, आणि ठेक्याच्या कागदावर मेलेल्या माणसाची सही!

रेल्वे कंपनीला पुन्हा ठेकेदार शोधत बसावे लागले असते. तशी वेळ आली नाही, कारण ठेका हाती घेतला त्याच्या विधवेने, ॲलिस ट्रेडवेलने. डोंगरात उभे राहून बोगदे खणायचे काम तिने अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन जाणकार व्यवस्थापकांवर सोपवले. मालकी एकीकडे, कसब दुसरीकडे, ही वाटणी मोठी शहाणपणाची. पुढे मजुरांची संख्या 42,000 च्या घरात गेली.

याला कुणी नियोजन म्हणणार नाही. आधी काहीच ठरलेले नव्हते. निभावले ते ॲलिसच्या हिमतीवर.

मार्गाची आखणी करणारा मुख्य अभियंता जेम्स बर्कली 1862 मध्ये इंग्लंडात वारला. 25 बोगद्यांचा हा घाट 21 एप्रिल 1863 रोजी खुला झाला.