कारागिरी (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट)
ब्लिझर्ड कंपनीच्या २००४ साली आलेल्या या ऑनलाइन खेळात पात्राला लोहारकाम, शिंपीकाम, किमया यांसारखे दोनच मुख्य धंदे धरता येतात. मूळ आवृत्तीत पाचव्या पातळीपासून धंदा शिकता येई. कौशल्य ३०० पर्यंत चढे. घाई मात्र महागात पडते. नवख्याने खपून घडवलेले तांब्याचे चिलखत दोन-चार पातळ्यांतच निकामी होते आणि त्याहून बरे मोहिमेत फुकट मिळते. म्हणून आधी खाणकाम करावे, धातू लिलावघरात विकावा आणि साठाव्या, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या पातळीला पोचल्यावर हातोडा उचलावा, ही बऱ्याच जुन्या खेळाडूंची रीत. शिंप्याचे तसे नाही: कापड मारलेल्या माणसासारख्या शत्रूंकडेच सापडते आणि पिशव्यांना गिऱ्हाईक कायम असते.