करुण, साधारणीकरण आणि ‘काजव्यांची समाधी’

शोकात्म कलाकृतीने प्रेक्षकाचे डोळे भरून येणे हे तिच्या प्रत्ययकारितेचे गमक मानले जाते. तो अश्रू कोणत्या इतिहासाच्या बाजूने वाहतो, हा प्रश्न मात्र रसचर्चेत क्वचितच उपस्थित होतो. जपानी अ‍ॅनिमेचा विचार करताना तो टाळता येत नाही.

१२ एप्रिल १९४५ रोजी सेओ मित्सुयो यांचा ‘मोमोतारो: समुद्राचे दिव्य सैनिक’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. जपानी नौदलाच्या आश्रयाने निघालेला हा उघड युद्धप्रचार होता. महिनाभरापूर्वीच बाँबफेकीत होरपळलेल्या ओसाकामध्ये सोळा वर्षांच्या तेझुका ओसामु यांनी तो पाहिला आणि ते रडले. त्यांना हेलावून गेली ती प्रचाराआडची कोवळीक; छत्रीधारी सैनिकांची आठवण करून देणारी रानफुलाची तरंगती म्हातारी ही त्याच कोवळिकीची खूण. पुढे १९६३ पासून दूरचित्रवाणीवर ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका आणून तेझुकांनी अ‍ॅनिमेला व्यापक प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. या परंपरेच्या उगमापाशी असलेला एक अश्रू असा साम्राज्याच्या चित्रपटासाठी ढाळलेला आहे. तो खोटा नव्हता. निरपराधही म्हणता येत नाही.

१६ एप्रिल १९८८ रोजी ताकाहाता इसाओ यांचा ‘होतारु नो हाका’ (काजव्यांची समाधी) प्रदर्शित झाला. ताकाहातांनी वयाच्या नवव्या वर्षी, २९ जून १९४५ रोजी, ओकायामावरील हवाई हल्ला स्वतः अनुभवला होता. चित्रपटाचा आधार मात्र नोसाका आकियुकी यांची १९६७ ची कथा हा आहे. युद्धकाळात नोसाकांची धाकटी मानलेली बहीण कुपोषणाने गेली. तिच्या वाट्याचे अन्न आपण खाल्ले, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. कथेतला सेइता प्रत्यक्षातल्या भावापेक्षा प्रेमळ आहे. कथा ही त्या अर्थाने क्षमायाचना होय. आणि सेइतासाठी रडणारा प्रेक्षक एका दुरुस्त केलेल्या भूतकाळासाठी रडत असतो.

भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या विवेचनात साधारणीकरणाने भाव व्यक्तिविशेषापासून आणि देशकालापासून सुटतो. म्हणूनच शोक आस्वाद्य होतो. ताकाहाता नेमकी हीच सुटका अडवून धरतात. २१ सप्टेंबर १९४५ ही सेइताच्या मृत्यूची तारीख आरंभीच सांगितली जाते आणि स्थळही निश्चित आहे: कोबेचे सान्नोमिया स्थानक. शेवट आधीच कळल्यामुळे उत्कंठा उरत नाही. उरते ते पाहणे. तांबूस प्रकाशातला मृत सेइता स्वतःचेच आयुष्य पाहत राहतो. आईचे किमोनो तांदळासाठी विकले जाताना सेत्सुको आक्रोश करते, तेव्हा हा प्रेतात्मा कान झाकून घेतो. प्रेक्षकाची प्रतिमा अशी चित्रपटातच उभी केलेली आहे. ही प्रतिमा सहृदय आहे, तथापि असहाय आहे आणि दोषमुक्त नाही. आईने बँकेत ठेवलेले ७,००० येन असताना, मावशीच्या घरातील अपमान असह्य होऊन, सेइता बहिणीला घेऊन पाणवठ्याकाठच्या गुहेत राहायला जातो. त्याचा अभिमान बहिणीच्या मृत्यूच्या कारणांपैकी एक आहे.

हा युद्धविरोधी चित्रपट नव्हे, असे ताकाहाता वारंवार सांगत. समाजापासून तुटून आपल्यापुरते जग उभारणाऱ्या सेइतात त्यांना १९८० च्या दशकातील तरुण दिसत होते. तरीही बहुतेकांनी त्यात निष्पाप बालकांची शोकांतिकाच पाहिली. या वाचनात कोबे उरते, परंतु जपानी सैन्याने आशियात काय केले ते दिसेनासे होते. सेइताचे वडील नौदलाचे अधिकारी आहेत, ही गोष्टही मागे पडते. बळी ठरलेल्या राष्ट्राचा शोक अशा वेळी विस्मरणाचे साधन बनू शकतो.

म्हणून करुणाचा परिपोष झाला की नाही एवढे ठरवून समीक्षेचे काम संपत नाही. शोकाचे साधारणीकरण होताना इतिहासातले काय गळून पडले, हेही तिने तपासावयास हवे. अखेरच्या दृश्यात दोघा भावंडांचे आत्मे टेकडीवर बसून आधुनिक कोबेचे दिवे पाहतात. प्रेक्षकगृहातले दिवे त्यानंतर लगेच लागतात. टेकडीवरून पाहिले जाणारे शहर आता त्या प्रेक्षकाचे असते.