तिसरा मंगळवार

परवा रात्री साडेदहाला मामाचा फोन आला. एवढ्या उशिरा त्याचं नाव दिसल्यावर धस्सच झालं. पण प्रश्न भलताच निघाला.

"काय गं, विवेकानंद फ्रीमेसन होते म्हणे? आणि कितव्या डिग्रीचे? तेहतिसाव्या?"

कुणीतरी त्याला फोनवर काहीबाही पाठवलं होतं. गुप्त संघटना, वरचा हुद्दा वगैरे. मामाच्या टेबलासमोर गेली पन्नास वर्षं विवेकानंदांचा तो शिकागोचा, हाताची घडी घातलेला फोटो आहे. त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हटलं, दोन दिवस दे, शोधून सांगते.

पहिलं उत्तर सोपं होतं. होते. कलकत्त्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त १९ फेब्रुवारी १८८४ रोजी दाखल झाले. १५ एप्रिलला दुसरी डिग्री, २० मेला तिसरी. तेव्हा ते संन्यासी नव्हते, बी.ए. होऊ घातलेला एका अॅटर्नीचा मुलगा होते. १२ जानेवारीलाच एकवीस वर्षं पूर्ण झाली होती, आणि लॉजची वयाची अट एकवीसचीच. म्हणजे पात्र झाल्यावर सुमारे सव्वा महिन्यातच.

गाडी अडली ती डिग्र्यांपाशी. आपल्या डोक्यात डिग्री म्हटलं की सरकारी नोकरीची वेतनश्रेणी येते. जितका आकडा मोठा, तितका साहेब मोठा! इथे तसं नाही. मूळ लॉजच्या डिग्र्या तीनच, आणि त्यांची नावं दगड घडवणाऱ्या गवंड्यांची. शिकाऊ, मग कारागीर, मग मास्टर मेसन. १७३० साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकात या तिन्हींचं वर्णन येतं, इतकी ही रचना जुनी. चार ते तेहतीस हे आकडे स्कॉटिश राइट नावाच्या वेगळ्या शाखेतले. ते तिसरीच्या डोक्यावरचे अधिकारी नव्हेत. लॉजपुरतं पाहिलं तर तिसरी मिळाली की माणूस पूर्ण सभासद झाला, एवढाच अर्थ.

मी 'मास्टर' या शब्दालाही फसले. वाटलं, तीन महिन्यांत लॉजचे प्रमुख? तर नाही. प्रमुखालाही मास्टर म्हणतात, पण ते दरवर्षी निवडलं जाणारं पद. मास्टर मेसन ही फक्त डिग्री. जुन्या माणसाच्या नावापुढे हा शब्द दिसला की आधी एवढं तपासावं.

आणि सगळ्यात मोठी गंमत क्रियापदाची. पहिल्या डिग्रीला 'इनिशिएटेड', दुसरीला 'पास्ड', तिसरीला 'रेझ्ड' अशी नोंद करतात. रेझ्ड म्हणजे बढती समजून मी पुढे निघाले होते. तो अर्थच नाही! तिसऱ्या डिग्रीत हिरामची कथा आहे. शलमोनाचं मंदिर बांधणारा मुख्य कारागीर. गुपित सांगत नाही म्हणून तिघे जण त्याला मारतात. दीक्षा घेणाऱ्याने ते मरण स्वतः वठवायचं, आणि मग बाकीच्यांनी त्याला हात देऊन उठवायचं. रेझ्ड म्हणजे मेलेल्यातून उठवलेला. बायबलमध्ये हिराम हा विधवेचा मुलगा आहे, आणि मेसन लोक आपसात त्याचा उल्लेख तसाच करतात.

इथे मी थबकले. कारण पहिल्या डिग्रीनंतर आठवडाभराच्या आत नरेंद्रनाथांचे वडील अचानक गेले. मागे कर्ज, देणेकऱ्यांचा तगादा, राहत्या घरावरून भाऊबंदांशी कोर्टकचेरी. थोरला मुलगा हाच. त्या दिवसांत अनवाणी, उपाशीपोटी नोकरीसाठी वणवण केल्याचं त्यांनीच पुढे सांगितलंय.

मग त्या तीन तारखा कॅलेंडरवर मांडून पाहिल्या. तिन्ही मंगळवार, आणि तिन्ही त्या-त्या महिन्यातले तिसरे! म्हणजे लॉजची बैठक बहुधा तिसऱ्या मंगळवारी भरत असावी. मार्चचा तिसरा मंगळवार १८ तारखेला होता, पहिल्या डिग्रीपासून बरोबर अठ्ठावीस दिवसांवर. एवढ्या अंतराने दुसरी डिग्री मिळत असे. आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगला लाहोरच्या लॉजमध्ये पहिली ५ एप्रिल १८८६ला मिळाली आणि दुसरी ३ मेला, अठ्ठावीसच दिवसांनी. नरेंद्रनाथांच्या नोंदीत मात्र मार्च रिकामा. वडील जाऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते.

यावरून फार काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. त्या मंगळवारी दुसऱ्या कुणाचा नंबर असेल, बैठकच झाली नसेल. मृत्यूच्या त्या विधीत त्यांना काय वाटलं, हेही तारखा सांगत नाहीत. पण ते कितव्या पायरीवर होते यापेक्षा, त्या पायऱ्या चढताना घरी काय चाललं होतं, हे विचारलं तर माणूस जरा जवळ येतो, एवढं खरं.

मामाला हे सगळं सांगितलं. तेहतीस नाही, तीन. साहेब नाही, साधे सभासद. त्याने हं हं केलं. मग मार्चचं सांगितलं तशी पलीकडे बराच वेळ शांतता.

आजोबा गेले तेव्हा मामा एकवीस वर्षांचा होता. थोरला. पाठीवर माझी आई आणि दोन मावश्या. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

"अगं, नसेल गेला त्या मंगळवारी," मामा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने विवेकानंदांना एकेरीत संबोधलं असेल. "कुठे जाववतं त्या दिवसांत..."

मग म्हणाला, "पण पुढच्याला गेला ना? बास तर मग."

फोटो जागच्या जागी आहे, हे वेगळं सांगायला नकोच.