अपोलो बंदरानजीकच्या वास्तु व त्यांचे काल

पोथीच्या अखेरीस दिलेला शक ग्रंथरचनेचा कीं नकलेचा, हें ठरविल्यावांचून जाणता संग्राहक पोथीची नोंद करीत नाहीं. वास्तूंच्या बाबतींत मात्र हा सावधपणा क्वचितच पाळला जातो. मुंबईस अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलापासून पायीं सहज फिरतां येईल एवढ्याच टापूंत याचीं ठळक उदाहरणें आहेत. तीं येथें मांडतों.

हॉटेलासमोरील ‘गेटवे ऑफ इंडिया’ प्रथम घेऊं. पंचम जॉर्ज बादशहा व मेरी राणी यांनीं या कमानीखालून हिंदुस्थानांत प्रवेश केला, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येते. कमानीवरील इंग्रजी लेखांत ता. २ डिसेंबर १९११ चा उल्लेख आहे. समजुतीचें मूळ तेंच असावें. परंतु लेख नीट वाचला असतां, ती तारीख उभयतांच्या आगमनाची असून त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ कमान उभारली, एवढेंच त्यांत सांगितलें आहे. जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ सालीं मंजूर झाला व ता. ४ डिसेंबर १९२४ रोजीं लॉर्ड रीडिंग यांच्या हस्तें कमान खुली झाली. म्हणजे बादशहा उतरले तेव्हां ही कमान नव्हतीच. १९०३ सालीं उघडलेलें हॉटेल तिच्याहून एकवीस वर्षांनीं वडील आहे. या कमानीखालून झालेलें निःसंशय ऐतिहासिक गमन तें ता. २८ फेब्रुवारी १९४८ चें. त्या दिवशीं ब्रिटिश फौजेची अखेरची पलटण येथून समुद्रमार्गें स्वदेशीं निघाली.

येथून थोड्याच अंतरावर छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. याची कोनशिला ता. ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं याच जॉर्ज यांनीं, ते युवराज असतांना, बसविली. इमारत १९१४ सालीं पुरी झाली. महायुद्धांत तिचा उपयोग लष्करी इस्पितळाकडे झाला. संग्रहालय म्हणून ती १९२२ सालीं उघडली व हल्लींचें नांव १९९८ सालीं मिळालें. एकाच वास्तूस हे चार निरनिराळे काल आहेत. केवळ कोनशिला वाचून जो संग्रहालयाचा आरंभ ठरवील, तो सोळा वर्षांनीं चुकेल.

संग्रहालयाजवळील काळा घोडा या चौकाची गोष्ट याहून मौजेची. सातव्या एडवर्डच्या युवराजपणींच्या अश्वारूढ पुतळ्यावरून, जो १८७९ सालचा, हें नांव पडलें. पुतळा १९६५ सालीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंत गेला, तरी नांव राहिलें. आणि २०१७ सालीं त्या नांवासाठीं स्वाराविना नवा घोडा उभारला. आज घोडा पाहून नांवाची उपपत्ति लावणारा कार्यालाच कारण समजेल.

आतां ज्यासाठीं हें टिपण लिहिलें, त्या वस्तूकडे वळूं. सदर संग्रहालयांत अशोकाच्या आठव्या लेखाचा एक तुकडा आहे. वसईच्या उत्तरेस सोपारा येथें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस तो १८८२ सालीं सांपडला. अक्षरें थोडींच उरलीं आहेत. पण गिरनार वगैरे ठिकाणच्या पाठांवरून आशय पुरता कळतो. पूर्वींचे राजे विहारयात्रेस जात व तींत मृगयादि करमणुकी असत. आपण मात्र अभिषेकास दहा वर्षें झाल्यावर संबोधीस गेलों आणि तेथून धर्मयात्रेस आरंभ झाला, असें राजा सांगतो. वृद्धांची व जनपदांतील लोकांची भेट, दान आणि धर्मचर्चा हें या यात्रेचें स्वरूप.

या तुकड्याचें मोल निम्मेंअधिक त्याच्या सांपडण्याच्या जागेंत आहे. सोपारा हें नांव नोंदींतून गळालें, तर कोंकणच्या या प्राचीन बंदरांत अशोकाचा लेख कोरलेला होता हा पुरावाच नाहींसा होईल. यास्तव वस्तु कोठें आहे एवढेंच न लिहितां, ती कोठें, केव्हां व कोणास मिळाली, हेंही प्रत्येक संग्राहकानें टिपावें. एवढें केलें तरी हॉटेलांत उतरलेल्या प्रवाशाची विहारयात्रा निष्फळ जाणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.