छापील नकाशांवरील नांवें व त्यांचा काळनिर्णय

जुन्या यूरोपीय नकाशांच्या संग्रहांत एकाद्या पृष्ठावर कर्त्याचें नांव व सन आढळला, कीं त्याचा काळनिर्णय झाला असें मानण्याची प्रवृत्ति दिसते. परंतु इ. स. १६०० च्या सुमाराचे असले नकाशे तांब्याच्या पत्र्यावर उलट कोरून, खांचांत शाई भरून छापीत. एकच पत्रा अनेक वर्षें उपयोगी पडे. मागून ठोकून व पुढून घासून त्यावरील अक्षरें नाहींशीं करतां येत व त्याच जागीं नवीं कोरतां येत. म्हणून पत्रा कोरल्याचा, त्यावरील लेखाचा व हातांतील कागद छापल्याचा असे तीन काळ निरनिराळे संभवतात.

अॅम्स्टरडॅम येथील उदाहरण ह्या बाबतींत उद्बोधक आहे. गेरार्ड मर्केटर १५९४ मध्यें वारला व त्याचा 'अॅटलास' १५९५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याचे पत्रे योडोकस होंडियस ह्यानें १६०४ मध्यें विकत घेतले आणि १६०६ मध्यें नवे नकाशे घालून ग्रंथ पुन्हां काढला. ग्रंथावर नांव मर्केटरचेंच राहिलें. पुढें १६२९ मध्यें होंडियसचा त्याच नांवाचा पुत्र वारला आणि त्याचे सुमारें ४० पत्रे प्रतिस्पर्धी विलेम ब्लाउ ह्याच्या हातीं गेले. ब्लाउनें होंडियसचें नांव घासून तेथें आपलें कोरविलें व १६३० मध्यें ते नकाशे आपल्या संग्रहांत छापले. त्याच वर्षीं मृताचा भाऊ हेन्रिकस होंडियस व मेहुणा यान्सोनियस यांनीं तेच नकाशे नव्या पत्र्यांवर कोरवून घेण्याचा करार केला. परिणामीं ब्लाउच्या नांवाचें पृष्ठ मूळ पत्र्याचें, आणि होंडियसच्या नांवाचें नकलेचें, असा विपर्यास घडला.

पोथीच्या पुष्पिकेंत ग्रंथकर्ता व लेखक यांत आपण जो विवेक करतों, तोच येथें अवश्य आहे. 'स्कल्प्सिट' हें लॅटिन पद कोरणाराचें, तर 'एक्स्कुडिट' हें छापून प्रसिद्ध करणाराचें द्योतक होय. ह्याशिवाय नांवाभोंवतीं राहिलेल्या पुसट रेषा, कागदांतील जलचिन्ह व पाठीमागील मजकुराची भाषा आणि जुळणी हीं पहावीं. रंग बहुधा हातानें मागाहून दिलेला असल्यामुळें तो काळाचा पुरावा नव्हे.

हा केवळ संग्राहकांचा प्रश्न नाहीं. एकाद्या बंदराचें स्थान ठरवितांना ब्लाउ व यान्सोनियस यांचीं पृष्ठें जुळतात म्हणून दोन साक्षी मिळाल्या असें समजणारा फसतो. एकाच मूळ प्रतीवरून झालेल्या दोन नकला मिळून साक्ष एकच होते.